घरी न पोचलेला शिपाई

सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात एडमंड हॅमिल्टन यांची ‘द स्टार किंग्ज’ ही कादंबरी आली. तिचा नायक जॉन गॉर्डन न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीत कारकून आहे. दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिकवर बॉम्बफेकी विमान चालवत होता. आता टेबलापाशी बसून तो कागद या ढिगातून त्या ढिगात घालतो, आणि जिवावर बेतणारे ते दिवस संपले याचा आनंद आपल्याला का होत नाही हे त्याला उमजत नाही. एके रात्री झोप लागता लागता त्याला एक आवाज ऐकू येतो. तो आवाज दोन लाख वर्षांनंतरच्या एका राजपुत्राचा, झार्थ आर्नचा असतो. काही आठवड्यांपुरती आपल्या मनांची अदलाबदल करू, मी तुझा काळ पाहीन, तू माझा पाहा, असे तो विचारतो. आपले डोके फिरले की काय, अशी शंका गॉर्डनला आधी येते. शेवटी तो होकार देतो, पण पाहुणा म्हणून जाऊन चार गोष्टी पाहून येऊ, एवढ्याच समजुतीने. जागा होतो तेव्हा शरीर परके असते, आकाशगंगेतले साम्राज्य युद्धाच्या उंबरठ्यावर असते, आणि ‘डिसरप्टर’ नावाचे सर्वनाशी अस्त्र कसे चालवायचे हे या राजपुत्राला ठाऊक आहे, अशी सगळ्या दरबाराची खात्री असते. गॉर्डनला ते ठाऊक नसते आणि तसे सांगायचीही सोय नसते.

इच्छा नसताना, तयारी नसताना, स्वतःच्या काळातून उचलून दुसऱ्या काळाच्या युद्धात उभा केलेला हा नायक अमेरिकन स्पेस ऑपेरात पुन्हा पुन्हा भेटतो. त्याची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. पहिले असे, की वाचक स्वतः सामान्य माणूस असतो, म्हणून त्याच्या बाजूने परक्या जगात शिरणारा कोणी सामान्य माणूस लेखकाला लागतो. दुसरे असे, की जगभरच्या पुराणकथांत वीर आधी नकार देतो आणि मग निघतो, त्याच साच्यातून हा नायकही निघाला. दोन्हींत तथ्य आहे, पण या नायकाची सर्वांत ठळक खूण दोन्हींतून निसटते. हा माणूस बहुतेक वेळा एका युद्धावर जाऊन आलेला असतो. माझे म्हणणे असे आहे, की स्पेस ऑपेरातला हा नाखूश वीर म्हणजे परतलेला, पण घरी न पोचलेला शिपाई. या कथांतली शेकडो-हजारो वर्षांची दरी हे निव्वळ नेपथ्य नाही. युद्धावर गेलेला माणूस आणि त्याचे गाव यांच्यात पडलेले अंतर साध्या शब्दांत सांगता येत नव्हते, ते सांगण्याचा एक मार्ग या कथांना सापडला.

हा मार्ग कुठल्या दुकानातून गेला तेही पाहिले पाहिजे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरखरीत, स्वस्त कागदावर या कथांची मासिके छापली जात, म्हणून त्यांना ‘पल्प’ म्हणत. लेखकाला मोबदला शब्दामागे मिळे, बहुधा एका सेंटच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेल्या ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले, आणि केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक चालू शकते हे दिसले. ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द मात्र शिवी म्हणून जन्मला. साबणाच्या कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या रेडिओ मालिकांना ‘सोप ऑपेरा’ आणि काउबॉयच्या ठरावीक चित्रपटांना ‘हॉर्स ऑपेरा’ म्हणत. त्या धर्तीवर विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये अंतराळयानांच्या झिजलेल्या, रटाळ कथांना हे नाव दिले. नाव चिकटले आणि त्याबरोबर तुच्छताही चिकटली. हे साहित्य चार घटका करमणुकीचे, असे एकदा ठरल्यावर त्यातून आणखी काय वाहून येते आहे, हे तपासण्याची गरज समीक्षकांना वाटली नाही. मला वाटते, याच दुर्लक्षामुळे त्याला काही गोष्टी मोकळेपणी बोलता आल्या. प्रतिष्ठित मासिकात परतलेल्या सैनिकाने शहाण्यासारखे वागणे अपेक्षित होते. इथे त्याच्या कानात दोन लाख वर्षांपलीकडून आवाज आला तरी कोणी हरकत घेणार नव्हते.

या नायकाची सुरुवात गर्न्सबॅक यांच्याही आधीची आहे. एडगर राइस बरोज यांची मंगळावरची पहिली कथा १९१२ मध्ये ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः आली आणि १९१७ मध्ये ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने पुस्तकरूपात निघाली. नायक जॉन कार्टर हा व्हर्जिनियाचा कॅप्टन, अमेरिकन यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेला. युद्ध संपते तेव्हा त्याच्याजवळ काय उरते, हे बरोज सुरुवातीलाच सांगतात: कवडीमोल झालेल्या नोटांचा गठ्ठा आणि अस्तित्वातच नसलेल्या सैन्यातला हुद्दा. सोने शोधायला तो अॅरिझोनात जातो, पाठलाग चुकवत एका गुहेत शिरतो, आणि तिथून मंगळावर पोचतो. मंगळ ही मरू घातलेली, सतत लढणारी भूमी आहे, म्हणजे त्याच्यासारख्याला लगेच काम मिळेल अशी. बरोज स्वतः १८९६-९७ मध्ये अॅरिझोनातल्या फोर्ट ग्रँट इथे घोडदळात होते, आणि ही कथा लिहिली तेव्हा पेन्सिलींना टोक काढण्याची यंत्रे विकण्याच्या धंद्यात होते. हरलेल्या सैन्याच्या या कॅप्टनला पृथ्वीवर जागा उरलेली नाही, हे वाक्य कथेत कुठे येत नाही, पण तिचा सगळा भार त्यावरच आहे. हा कॅप्टन गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढला होता, आणि कथेला त्याबद्दल काही म्हणायचे नाही, हेही नोंदवले पाहिजे. सैनिकाच्या दुःखाला दुसऱ्या ग्रहावर नेले की त्याच्या जबाबदारीचा हिशेब इथेच मागे राहू शकतो. हा दोष या परंपरेत सुरुवातीपासून आहे.

ऑगस्ट १९२८ च्या ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये फिलिप फ्रान्सिस नोलन यांची ‘आर्मागेडन २४१९ ए. डी.’ ही कथा आली. अँथनी रॉजर्स पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेला आहे आणि पेनसिल्व्हेनियाच्या वायोमिंग खोऱ्यातल्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीची तपासणी करतो आहे. डिसेंबर १९२७ मध्ये खाण कोसळते, किरणोत्सारी वायूमुळे त्याला झोप लागते, आणि ती मोडते तेव्हा ४९२ वर्षे उलटलेली असतात. अमेरिका हान नावाच्या आशियाई सत्तेच्या टाचेखाली आहे, आणि अमेरिकन लोक रानात टोळ्या करून लढत आहेत. फ्रान्समध्ये शिकलेले युद्धतंत्र रॉजर्सला इथे पुन्हा कामी येते. पुढच्याच वर्षी, ७ जानेवारी १९२९ पासून, तो वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकेत आला आणि अँथनीचा ‘बक’ झाला. बक रॉजर्स हे नाव पुढे कित्येक पिढ्यांच्या तोंडी राहिले, पण तो कोण होता हे चित्रमालिकेच्या झगमगाटात मागे पडले. मूळ कथेतला रॉजर्स दुसऱ्यांदा युद्धावर निघालेला माणूस आहे. पहिल्या वेळी जे शिकला त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या काळात संपली होती, ती पाचशे वर्षांनी परत येते. त्या किमतीबरोबर कथा आशियाई माणसांविषयीचा जो उघड द्वेष घेऊन येते, तो आज वाचवत नाही. शिपायाच्या रिकामेपणाला कथेने नवा शत्रू पुरवला, आणि तो पुरवताना त्या काळच्या अमेरिकेतला वंशद्वेष जसाच्या तसा उचलला.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की झोपून पुढच्या काळात जागा होणारा माणूस साहित्यात जुनाच आहे, त्याचा सैनिकाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. वॉशिंग्टन अर्व्हिंग यांचा रिप व्हॅन विंकल १८१९ मधला. तो सैनिक नाही हे खरेच. पण तो नेमके काय झोपून काढतो? अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध. वीस वर्षांनी गावात येतो तेव्हा ओळखीच्यांतला एक जण सैन्यात गेला तो परतलाच नाही असे त्याला कळते, आणि आपण राजाचे एकनिष्ठ प्रजाजन आहोत असे बोलताच लोक त्याच्या अंगावर येतात. एडवर्ड बेलामी यांची ‘लुकिंग बॅकवर्ड’ १८८८ मधली. तिचा नायक ज्युलियन वेस्ट बोस्टनचा श्रीमंत तरुण, सैन्याशी संबंध नसलेला, तो १८८७ मध्ये झोपतो आणि २००० मध्ये उठतो. पण बेलामींनी त्या झोपेसाठी दिवस निवडला तो ३० मे, यादवी युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा. त्या दिवशी ज्युलियन आपल्या वाग्दत्त वधूबरोबर, युद्धात मेलेल्या तिच्या भावाच्या थडग्यावर जाऊन आलेला असतो. शंभर वर्षांच्या पलीकडची आदर्श समाजव्यवस्था सांगायला निघालेल्या लेखकाला या थडग्याची काहीच गरज नव्हती. तरी ते आले. युद्धाने काळाचे आधी आणि नंतर असे दोन तुकडे केलेल्या समाजात झोपेची कथा सुचते, आणि पल्प मासिकांनी त्या झोपणाऱ्याच्या अंगावरच लष्करी गणवेश चढवला. त्यामुळे हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध न जाता त्याची पूर्वपीठिका ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रॉजर्सची कथा ज्या अंकात आली त्याच अंकात ई. ई. स्मिथ यांच्या ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’चा पहिला भाग होता, आणि मुखपृष्ठही त्याच कथेचे होते. कित्येक जण त्यावरच्या उडणाऱ्या माणसाला अजून बक रॉजर्स समजतात. स्मिथ यांचा रिचर्ड सीटन रसायनशास्त्रज्ञ आहे, कुठल्याही युद्धावरून आलेला नाही, आणि त्याला कोणी ओढून नेत नाही. तो स्वतः यान बांधतो आणि उत्साहाने निघतो. स्पेस ऑपेराचा राजमार्ग हाच, असे कोणी म्हटले तर नाकारता येणार नाही. पण सीटनच्या कथेत काळाची दरी नाही, हे लक्षात घ्या. तो कितीही दूर गेला तरी त्याचा काळ आणि त्याची माणसे त्याच्याबरोबर असतात, आणि परत येतो तेव्हा घर जागेवर असते. उत्साही नायकाला अंतर पुरते. काळ ओलांडावा लागतो तो ज्याचे घर जागेवर राहिलेले नाही त्याला. नियम म्हणून हे ताणता येणार नाही, कारण हॅमिल्टन यांच्या पत्नी ली ब्रॅकेट यांच्या ‘द सोर्ड ऑफ रायनन’मध्ये मंगळाच्या दहा लाख वर्षे मागच्या भूतकाळात फेकला जाणारा मॅट कार्स पुरातत्त्वाचा माणूस आहे. तरीही दोन प्रवाह वेगळे ओळखता येतात.

हॅमिल्टन यांनी गॉर्डनची कथा अँथनी होप यांच्या १८९४ मधल्या ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’वरून घेतली असेही म्हटले जाते. राजासारखा दिसणारा परका माणूस राजाच्या जागी बसतो, राजकन्येच्या प्रेमात पडतो आणि शेवटी सगळे सोडून परत जातो. साम्य उघड आहे. पण उसनवारीत उसने घेतलेल्यापेक्षा बदललेले अधिक बोलके असते. होप यांचा नायक खुशालचेंडू इंग्रज सद्गृहस्थ आहे. हॅमिल्टन यांनी त्याला बाँबफेक्या वैमानिक आणि कारकून केले. युद्ध संपल्यावर अमेरिकेतले लक्षावधी तरुण गणवेश उतरवून कचेऱ्यांत, दुकानांत आणि कॉलेजांत परतले होते, आणि १९४७ मध्ये ‘अमेझिंग’ चाळणाऱ्यांत असे तरुण नक्कीच होते. शेवटी गॉर्डन न्यूयॉर्कला आणि त्याच टेबलापाशी परत येतो, आणि कोणालाच काही सांगू शकत नाही. पुढे १९६० च्या दशकात हॅमिल्टन यांनी या कथेचा पुढचा भाग लिहिला. त्याच्या सुरुवातीला गॉर्डन मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. जे घडले ते आपल्याच डोक्यातले होते की काय, असे त्याला वाटू लागलेले असते. तारकांच्या साम्राज्याचे अद्भुत बाजूला ठेवून हा प्रसंग वाचला, तर तो परतलेल्या एखाद्या सैनिकाचे टिपण वाटतो.

हॅमिल्टन यांच्या आणखी एका कथेचा इतिहास माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा पुरावा आहे. ‘व्हॉट्स इट लाइक आउट देअर?’ ही ती कथा. मंगळावरच्या मोहिमेतून सार्जंट हॅडन परत येतो आणि तिथे मेलेल्या सोबत्यांच्या घरी एकेक करून जातो. प्रत्येक घरातले लोक एकच विचारतात: तिकडे कसे असते? खरे उत्तर आजारपणाचे, बंडाळीचे आणि वाया गेलेल्या मरणाचे आहे. ते देणे त्याला शक्य होत नाही. ज्या घराला जे ऐकायचे असते ते तो सांगतो, आणि आपल्या गावच्या सत्कारातही तसेच बोलतो. ही कथा हॅमिल्टन यांनी १९३० च्या दशकात लिहिली होती. संपादकांना ती फार भीषण वाटली आणि ती परत आली. नव्याने लिहिलेली कथा ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’ने डिसेंबर १९५२ मध्ये छापली. ज्यांत सूर्य एकमेकांवर आदळतात अशा कथा याच लेखकाकडून या धंद्याने वर्षानुवर्षे घेतल्या. परत न येऊ शकलेल्या सोबत्याच्या आईसमोर बसलेला सार्जंट मात्र त्याला चालला नाही. दुसरे महायुद्ध होऊन गेल्यावर आणि कोरियातले युद्ध चालू असताना तो चालला. मधल्या काळात असे दार वाजलेली घरे अमेरिकेत कितीतरी झाली होती.

आता पुराणकथांचा साचा. जोसेफ कॅम्बेल यांचे ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ १९४९ मध्ये आले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर, आणि जॉर्ज लुकास यांनी कॅम्बेल यांचे ऋण मान्य केल्यानंतर, त्यांची वीरयात्रेची मांडणी पटकथाकारांच्या हाती नकाशासारखी आली. हाक येते, वीर नाकारतो, मग निघतो. त्यामुळे प्रत्येक नाखूश नायक या नकाशावर बसवायची सवय लागली. कालक्रम पाहिला तर कार्टर, रॉजर्स आणि गॉर्डन हे तिघेही कॅम्बेल यांच्या पुस्तकाआधीचे आहेत. पण साचा सनातन आहे, लेखकाला तो ठाऊक असण्याची गरज नाही, असे यावर म्हणता येते. म्हणून कालक्रमाने हा वाद मिटत नाही. तो मिटवायला आपल्या ओळखीचा एक राजा मदतीला येतो, मुचकुंद.

भागवताच्या दशम स्कंधातली ही कथा कीर्तनांतून मराठी घरांत पोचलेली आहे. मांधात्याचा पुत्र मुचकुंद असुरांविरुद्ध देवांच्या बाजूने दीर्घकाळ लढतो. पुढे देवांना कार्तिकेय सेनापती मिळतो आणि ते मुचकुंदाला निरोप देतात. निरोप देताना सांगतात, की तुझ्या राण्या, पुत्र, मंत्री, तुझ्या काळची प्रजा, यांतले आता कोणी उरलेले नाही. मोक्षाखेरीज हवे ते माग. तो झोप मागतो. गुहेत झोपलेल्या त्याला युगे उलटल्यावर श्रीकृष्णाच्या मागे लागलेला कालयवन लाथ मारून उठवतो आणि त्याच्या दृष्टीने जळून जातो. श्रीकृष्णाने कालयवनाला मुद्दामच तिथवर आणलेले असते, म्हणजे या शेवटच्या वधाचे अस्त्र झालेल्या माणसाला आपण अस्त्र आहोत हेही माहीत नसते. तो गुहेबाहेर येतो तेव्हा माणसे, पशू, झाडे सगळी खुजी झालेली दिसतात. आपला काळ संपला हे ओळखून तो उत्तरेला बदरिकाश्रमात तपाला निघून जातो. कॅम्बेल यांनी ही कथा आपल्या पुस्तकात सविस्तर सांगितली आहे, आणि कुठे सांगितली आहे हे महत्त्वाचे. हाकेला दिलेल्या नकाराच्या प्रकरणात ती नाही. परतण्याला दिलेल्या नकाराच्या प्रकरणात आहे. पटकथांच्या नकाशाने पहिले प्रकरण उचलले आणि दुसरे मागे ठेवले. स्पेस ऑपेरातल्या या नायकाची नाखुशी दुसऱ्या प्रकरणातली आहे. पहिल्या हाकेला तो कधीच गेलेला असतो. ‘स्टार वॉर्स’मध्येसुद्धा तरुण ल्यूकचा नकार क्षणभराचा आहे, त्याला तर गावातून निघायचेच असते. पहिले युद्ध संपवून वाळवंटात एकटा राहणारा, जुन्या युद्धाची ओळख सांगून पुन्हा बोलावला जाणारा म्हातारा ओबी-वान हा त्या चित्रपटातला मुचकुंद आहे. तेव्हा पुराणकथांचा दाखला माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. शिपायाच्या परतण्याला काळाची दरी लागते, हे भागवतकारांनाही ठाऊक होते, एवढेच त्यातून दिसते.

मराठीत काळ ओलांडणारा सर्वांत ठळक नायक म्हणजे जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले प्राध्यापक गंगाधरपंत. तेही स्वतःहून निघालेले नाहीत. एका अपघातासरशी ते अशा मुंबईत पोचतात, जिथे १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकलेली आहे आणि मराठे जिंकलेले आहेत. पण ते सैनिक नाहीत, इतिहासकार आहेत. परतताना त्यांच्या खिशात राहते ते बखरीचे एक पान. हा फरक लेखकाच्या आवडीपुरता आहे असे मला वाटत नाही. मराठी विज्ञानकथा घडवली ती शास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि अभियंत्यांनी, आणि त्यांच्या जगात युद्ध येते ते बहुधा कागदपत्रांतून. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढल्या, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून एप्रिल १९१६ मध्ये कैदेत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, घाडगे यांनी तो मरणोत्तर. ती माणसे शेतकरी घरांतली होती. अमेरिकेत विमानातून उतरलेला आणि मासिक चाळणारा तरुण एकच होता, म्हणून त्याच्या मनातले मासिकात उतरले. इथे पलटण आणि मासिक यांच्यामध्ये जात, शाळा आणि शहर उभे होते. मेसोपोटेमियाहून गावी आलेल्या शिपायाला आपले गाव किती वर्षे दूर वाटले असेल, ही मराठी विज्ञानकथेत यायला हवी होती अशी गोष्ट आहे.

अमेरिकेत ही गोष्ट सर्वांत उघडपणे सांगितली ती जो हॉल्डमन यांनी. पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्राची पदवी घेतली त्याच वर्षी, १९६७ मध्ये, ते सक्तीच्या लष्करभरतीत सापडले. व्हिएतनामच्या डोंगराळ मध्यभागात त्यांनी सुरुंग आणि स्फोटके हाताळली आणि गंभीर जखमी होऊन परतले. ‘द फॉरएव्हर वॉर’ ही त्यांची कादंबरी १९७४ च्या अखेरीस पुस्तकरूपात आली. त्याआधी अठरा प्रकाशकांनी ती नाकारली होती, कारण व्हिएतनामची आठवण जागवणारी विज्ञानकथा कोणाला नको होती. नंतर तिला नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार मिळाले. तिचा नायक विल्यम मँडेला पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी आहे, बुद्धिमान तरुण-तरुणींसाठी केलेल्या सक्तीच्या भरतीच्या कायद्याने उचललेला. इथे मनांची अदलाबदल नाही, वायूची झोप नाही. आइन्स्टाइन यांचा सापेक्षतावाद आहे. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करणाऱ्याचा काळ मंद होतो, म्हणून मँडेला मोहिमेवर काही महिने घालवतो तेव्हा पृथ्वीवर वर्षे आणि पुढे शतके सरतात. पल्पच्या लेखकांना जी दरी जादूने काढावी लागली, ती हॉल्डमन यांना भौतिकशास्त्राने आयती दिली. पहिल्यांदा परततो तेव्हा मँडेलाला घरचे जगच ओळखू येत नाही, आणि तो आणि त्याची सोबतीण मेरीगे पुन्हा सैन्यात भरती होतात. सैन्य आवडते म्हणून ते जात नाहीत. दुसरे काहीच ओळखीचे उरलेले नसते.

परतण्याचा हाच भाग ‘अॅनालॉग’ मासिकाचे संपादक बेन बोव्हा यांनी फार निराशाजनक म्हणून नाकारला. कादंबरीचे बाकीचे तुकडे त्यांनी छापले, आणि पुस्तकात या भागाची सौम्य आवृत्ती गेली. मूळ भाग १९७५ मध्ये वेगळा प्रसिद्ध झाला तो ‘अमेझिंग’मध्येच. पुस्तकात तो परत यायला आणखी बरीच वर्षे लागली. हॅमिल्टन यांच्या सार्जंटच्या बाबतीत घडले तेच चाळीस वर्षांनी पुन्हा घडले. लढाई छापायला अडचण नव्हती, नवे अस्त्र छापायला अडचण नव्हती. घरी येणे अडत होते. नाखूश नायक हा निव्वळ लोकप्रिय साचा असता, वाचकाला सोयीचा माणूस एवढेच त्याचे काम असते, तर नेमका हाच तुकडा दोन पिढ्यांच्या संपादकांना टोचला नसता.

मँडेलाचे युद्ध ११४३ वर्षांनी संपते. तोवर त्याला कळते की ते गैरसमजातून सुरू झाले होते. त्याच्या हाताखालच्या सैनिकांची भाषा बदललेली असते, माणसाची जातच बदललेली असते, आणि सारे त्याला जिवंत अवशेषासारखे पाहतात. मुचकुंदासारखा तोही खुज्या झालेल्या जगात उभा असतो, फक्त त्याच्यासाठी बदरिकाश्रम नसतो. मेरीगे शतकांपूर्वी दुसऱ्या तुकडीबरोबर निघून गेलेली असते. तिने ठेवलेली एक चिठ्ठी त्याला मिळते. सैन्यातून सुटलेल्या काही जणांनी मिळून एक जुने यान विकत घेतलेले असते. ते कुठेही जात नाही. पाच प्रकाशवर्षे बाहेर जाते आणि परत येते, पुन्हा जाते आणि पुन्हा येते. त्यात बसलेल्याचे वय दर दहा वर्षांत फक्त महिनाभराने वाढते. युद्धासाठी बांधलेल्या वेगाचा मेरीगेने एवढाच उपयोग केलेला असतो. तो वेळेवर आला, तर ती अठ्ठावीस वर्षांची असेल, असे तिने लिहिलेले असते. कादंबरीच्या शेवटच्या पानावर ३१४३ सालच्या एका छोट्या स्थानिक वर्तमानपत्राचे कात्रण आहे. त्यात दोघांना मुलगा झाल्याची बातमी आहे.